इतर अपत्ये : नाव व पत्ता

मँचेस्टर,
६ नोव्हेंबर १९४४

चि. मान्फ्रेड यास,

इर्माचे आशीर्वाद. लिहायचा रिवाज म्हणून लिहिले आहेत, त्यावर फार विसंबू नकोस.

सोबत एक कार्ड जोडते आहे. शुक्रवारी माझ्या नावाने आलं. तुझ्या छावणीजवळच्या गावात, लंडनच्या बाँबहल्ल्यांतून निघून आलेले आपले ज्यू लोक एका दुकानाच्या माडीवर प्रार्थनेला जमतात असं तू मागे लिहिलं होतंस. त्यांचे चिटणीस कुणी बेंडिक्स म्हणून आहेत, त्यांची सही आहे. अक्षर सुरेख, शाईचा एक डाग नाही. मजकूर असा, की आपल्या मातोश्री कै. क्लारा फेल्डहाइम यांचा स्मृतिदिन आपल्या पंचांगाप्रमाणे यंदा शनिवारी, २५ नोव्हेंबरला येतो, हे तिसरं वर्ष आहे, तरी आदल्या संध्याकाळी दिवा लावण्यास विसरू नये.

मी ते जिन्यापाशी उभ्या उभ्या वाचलं. घरमालकीण मिसेस ऑग्डेन मागून विचारत होती की चांगली बातमी आहे ना. तिचा धाकटा मुलगा सप्टेंबरात हॉलंडमध्ये लढाईत पडला, तेव्हापासून ती सगळ्यांच्या टपालाची चौकशी करते. मी तिला म्हटलं, कुणीतरी चुकून माझ्या आईला मारून टाकलं आहे.

चुकूनच ना? आईचा शेवटचा निरोप रेडक्रॉसमार्फत आला तो नोव्हेंबर एकेचाळीसचा. पंचवीस शब्दांची मुभा होती, तिने निम्मेही वापरले नाहीत. प्रवासाला निघते आहे, नवा पत्ता कळवीन, गुडघा बरा आहे. त्या नव्या पत्त्याची मी तीन वर्षं वाट बघते आहे. दर महिन्याला रेडक्रॉसचा फॉर्म भरते. ही तळमजल्यावरची ओलसर खोली घेतली तीही तिला जिने चढायला नकोत म्हणून. आणि या बेंडिक्सना तिची तारीख ठाऊक?

तू त्यांना काय सांगून ठेवलं आहेस ते कळव. सरकारी गोदामात बटाट्याची पोती मोजून मोजून सार्जंट मार्टिन फील्ड थकत असतील, पण चार ओळी लिहायला हरकत नसावी. लष्करात तू घेतलेलं हे नाव आईने ठेवलेलं नाही, म्हणून पाकिटावर लिहिताना माझा हात अडखळतो.

उत्तराची वाट पाहणारी,
इर्मा

*

टपालपेटी क्र. ७७,
११ नोव्हेंबर १९४४

ती. इर्माताईस,

शि. सा. न. वि. वि.

कार्ड पाहिलं. बेंडिक्स सत्तरीचे आहेत, नजर अधू झाली आहे आणि रजिस्टरात अडीचशे नावं आहेत. आईचं नाव मी प्रार्थनेसाठी दिलं होतं, सुखरूप असावी म्हणून. त्यांनी ते जिवंतांच्या पानाऐवजी दुसऱ्या पानावर चढवलं असणार. मी त्यांना सांगेन. कार्ड फाडून टाक आणि पुन्हा हा विषय नको.

पोत्यांवरून तू मला बोलतेस ते आता सवयीचं झालं आहे. कुणीतरी मोजायलाच हवीत. तुझ्या कारखान्यातल्या रेनकोटांनीही बर्लिन पडल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. खोली ओलसर असेल तर बदल, छातीला जप.

तुझा,
मान्फ्रेड

*

१७ नोव्हेंबर १९४४

कु. इर्मा फेल्डहाइम यांस,

स. न. वि. वि.

आपलं १३ तारखेचं पत्र पावलं. माझ्या रजिस्टरात पानांची अदलाबदल झाली असावी, ही आपली शंका वाचून मला दोन दिवस जेवण गेलं नाही. कासेलच्या न्यायालयात मी एकतीस वर्षं दप्तर सांभाळलं. नोकरीवरून काढलं तेव्हासुद्धा ज्याने काढलं त्याने दप्तर चोख असल्याचं लिहून दिलं होतं. चूक झालेली नाही.

गेल्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी दुपारी, आपले बंधू माडीवर आले. एरवी ते शनिवारी येतात, म्हणून मला नवल वाटलं. त्यांनी ठेंगणं स्टूल मागितलं आणि एक तास एकटं बसू द्यावं असं म्हणाले. आपल्याला ठाऊकच असेल, मृत्यूची बातमी महिन्याच्या आत कळली तर सात दिवस बसायचं, फार उशिरा कळली तर एकच तास. मी त्यांना कोण गेलं ते विचारलं नाही. त्यांनी लष्करी बूट काढून दाराशी नीट लावले आणि बसले. रडले नाहीत. मी घड्याळ धरून खालच्या पायरीवर थांबलो होतो.

तास झाल्यावर त्यांनी स्वतःच नोंदीचा फॉर्म मागून घेतला. त्यात सहा रकाने आहेत. मृत्यूची तारीख त्यांनी न अडखळता लिहिली. शेवटचा रकाना ‘इतर अपत्ये : नाव व पत्ता’ असा आहे, तिथे आपलं नाव आणि मँचेस्टरचा पत्ता आहे. त्या पत्त्यांवर स्मरणकार्ड पाठवणं हे माझं काम. भावाच्या पत्राआधी माझं कार्ड आपल्यापर्यंत पोचेल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. त्याचं वाईट वाटतं.

आपल्या दुःखात सहभागी,
यूलियुस बेंडिक्स, चिटणीस

*

मँचेस्टर,
२० नोव्हेंबर १९४४

मान्फ्रेड,

आशीर्वाद वगैरे काही नाही.

एका अधू नजरेच्या म्हाताऱ्यावर ढकलून मोकळा झालास. त्या बिचाऱ्याने मला सगळं लिहिलं आहे. स्टूल, बूट, एक तास, आणि न अडखळता लिहिलेली तारीख. फेब्रुवारी ते नोव्हेंबर नऊ महिने तू मला पत्रं लिहितोस. छातीला जप म्हणतोस, वाढदिवसाला हातमोजे पाठवतोस. जूनमध्ये मी तुला लिहिलं की आईसाठी लोकरीचं जाकीट विणायला घेतलं आहे, कोपरं दुहेरी करते आहे. तू उलट टपाली लिहिलंस की रंग कोणता. आठवतं? रंग विचारलास.

तुझ्या पोटात ही बातमी होती आणि तू रंग विचारलास.

आता नीट ऐक. गोदामात पोती मोजणाऱ्याला तीन वर्षांपूर्वी तिकडे पूर्वेला कुणाचं काय झालं ते दिवसासकट कळत नाही. मी रेडक्रॉसला विचारलं, त्यांना माहीत नाही. लंडनच्या आपल्या समितीला विचारलं, त्यांना माहीत नाही. मग तुला कुणी सांगितलं? कुणी पाहिलं? आणि ज्याने पाहिलं तो तिथे काय करत होता?

या महिन्याच्या अखेरीपर्यंत मला उत्तर हवं. नाही आलं तर मी तुझ्या कमांडिंग ऑफिसरला लिहीन, की तुमच्या सार्जंट फील्डला माझ्या आईची बातमी कुठून मिळाली ते मला कळवावं. त्याने नाही कळवलं तर आमच्या खासदाराला लिहीन. त्याच्या बायकोचा रेनकोट मी दोनदा उसवून नीट केला आहे, तो माझं पत्र वाचेल. मी थट्टा करत नाही.

इर्मा

*

टपालपेटी क्र. ७७,
२४ नोव्हेंबर १९४४

ती. इर्माताईस,

सा. न. वि. वि.

तू ते पत्र लिहिलंस तर मला अटक होईल. घाबरवायला सांगत नाही. आम्ही सही करून दिली तेव्हा समोरच्या अधिकाऱ्याने मेजावर पिस्तूल काढून ठेवलं होतं आणि म्हणाला होता की बोललात तर हे मी वापरीन, किंवा तुम्ही स्वतः वापरा. मी एकटा जात नाही, इथलं सगळं कामच उघडं पडतं. सरकारने आमच्या जर्मन भाषेला कामाला लावलं आहे, एवढं समज आणि तेही विसरून जा. हे वाक्य लिहिलं म्हणूनसुद्धा मला शिक्षा होऊ शकते.

पोत्यांचे टोमणे मी दोन वर्षं गिळले. मिसेस ऑग्डेनच्या देखत तू मला म्हणालीस की लोकांची मुलं मरतात आणि आमचा जाडा होतो. मी चहा संपवला आणि गाडी पकडली. मला काय कमी बोलता आलं असतं?

बातमी खरी आहे. तारीख खरी आहे. मला शंका असती तर मी बूट काढले नसते. याहून एक शब्द जास्त मागू नकोस.

तुला सांगितलं नाही याचं कारण शपथ, हे अर्धंच खरं. उरलेलं अर्धं आता सांगतो, तू मागितलंच आहेस म्हणून. ऑगस्ट एकोणचाळीसमध्ये आईचा इंग्लंडला यायचा, स्वैपाकिणीच्या कामाचा परवाना हातात आला होता. तिकीट काढलेलं होतं. आणि तू तिला लिहिलंस की नुसती पेटी घेऊन येऊ नकोस, चादरी आण, टेबलक्लॉथ आण, इथे सगळं भाड्याचं आणि दुसऱ्याचं आहे. मग तिने सामानाचा मोठा खोका बांधायला घातला. त्याला जकातीच्या माणसाचा शिक्का लागतो आणि त्याने वेळ दिली चार सप्टेंबरची. युद्ध तीन तारखेलाच लागलं. हे तुला सांगावं लागलं असतं, म्हणून मी रंग विचारला.

मान्फ्रेड

*

मँचेस्टर,
२८ नोव्हेंबर १९४४

सार्जंट फील्ड यांस,

मी तुमच्या ऑफिसरला लिहिणार नाही. भिऊन नव्हे. आईचं एक मूल तुरुंगात असलेलं तिला चाललं नसतं, एवढ्यासाठी.

शुक्रवारी संध्याकाळी मी दिवा लावला नाही. ज्या बातमीला आगापीछा नाही तिच्यावर मी आईला सोडून देणार नाही. फॉर्म भरणं चालू ठेवीन. जाकीटही पुरं झालं आहे.

चादरींचं मला ठाऊक होतं. पाच वर्षं रोज सकाळी मला ते आठवतं, तुम्ही आठवण करून द्यायची गरज नव्हती. पण तुम्ही दिलीत, तेव्हा आता आपल्यात आणखी काही राहिलेलं नाही. हातमोजे परत पाठवते आहे, एकदाच वापरले आहेत.

पत्र लिहू नये.

इ. फेल्डहाइम

*

मँचेस्टर,
१२ मार्च १९४६

मान्फ्रेड यास,

सव्वा वर्षाने लिहिते आहे, तेव्हा तुला वाटेल माझा राग निवला. तसं नाही.

काल शोधकचेरीचं उत्तर आलं. टंकलिखित, सात ओळी. नोव्हेंबर एकेचाळीसमध्ये आपल्या ब्रेसलाऊहून निघालेल्या एका गाडीच्या यादीत क्लारा फेल्डहाइम, वय चौसष्ट, हे नाव आहे. गाडी लिथुआनियात गेली. तिथे शहराबाहेर जुना किल्ला आहे, त्या किल्ल्यात त्या सगळ्यांना गोळ्या घातल्या. त्या गाडीतलं कुणी जिवंत असल्याची नोंद नाही. खाली तारीख आहे. मी पंचांग काढून जुळवून पाहिली. तू बेंडिक्सना दिलीस तीच.

मीही काल स्टूल घेऊन बसले. तासच बसायचं होतं, पण घड्याळाकडे बघायला पायरीवर कुणी नव्हतं, त्यामुळे किती वेळ गेला ते कळलं नाही. मिसेस ऑग्डेनने दार ठोठावलं तेव्हा बाहेर दिवे लागले होते. ती आत आली, काही न विचारता जमिनीवर माझ्या शेजारी बसली, आणि चहा मात्र करायला विसरली. तिच्यासारखी बाई चहा विसरते म्हणजे बघ.

आता युद्ध संपलं आहे. ज्यांच्याविरुद्ध तुमचं गुपित होतं ते हरले. त्या गाडीतलं कुणीच उरलं नाही, तर तुला ते दुसऱ्या बाजूच्या माणसाकडून कळलं, एवढं समजण्याइतकी मी शहाणी आहे. मला कागदावरच्या सात ओळी पुरत नाहीत. तिला थंडी वाजत होती का, ती घाबरली होती का, कुणी तिच्याजवळ होतं का, हे मला हवं आहे. ते मिळाल्यावाचून मला झोप नाही. तुला नसेल द्यायचं तर तसं लिही, म्हणजे मी तुझं नाव घेणंही सोडीन.

इर्मा

*

१९ मार्च १९४६

ती. इर्माताईस,

सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. तू एकटी बसलीस हे मला आवडलं नाही, पण मी कोणत्या तोंडाने बोलू.

आमची सही युद्धापुरती नव्हती, मरेपर्यंतची आहे. परवा छावणी मोडताना पुन्हा बजावून सांगितलं. बायकोला नाही, आईला नाही, असं तो अधिकारी म्हणाला, आणि बहिणीला हा शब्द राहून गेला. त्यावरून मी पळवाट काढणार नाही. मागू नकोस.

मान्फ्रेड

*

मँचेस्टर,
३ एप्रिल १९४६

मान्फ्रेड यास,

हे पत्र बेंडिक्स स्वतःच्या हाताने तुला देतील. ते इथल्या भाच्याकडे आले होते, माझ्याकडे जेवले. पत्र फोडणार नाहीत, त्यांच्या दप्तरी इभ्रतीवर मी विश्वास ठेवला आहे. वाचून झालं की जाळ. कागद नष्ट करणं आपल्या घरात कुणाला कधी जमलेलं नाही, तरी जाळ.

मागू नकोस म्हणालास आणि तरी आठवड्यात लिहिलंस, ते तुझं नऊ पानांचं पत्र गुरुवारी मिळालं. तीनदा वाचलं आणि शेगडीत घातलं. काडीने राखसुद्धा मोडली. तुला वाचवलं म्हणून ऋणी राहू नकोस. ते घरात असतं तर मी ते चौथ्यांदा वाचलं असतं.

म्हणजे तीन वर्षं तू हे करत होतास. पकडून आणलेल्या जर्मनांना चांगल्या बंगल्यात ठेवायचं, पोटभर खायला द्यायचं, कोठडीच्या दिव्यात यंत्र लपवायचं आणि खाली तळघरात कानाला चकत्या लावून त्यांच्या गप्पा ऐकत बसायचं. त्यांना गप्पा सुचाव्यात म्हणून दारू तुमचं सरकार पुरवणार. आणि मी तुला जाडा झालास म्हणाले. ते मी मागे घेते. बाकी काही घेत नाही.

तू लिहितोस की त्या किल्ल्यावर शिपाई असलेला तो कैदी बोलायला लागला तेव्हा तू नियमाप्रमाणे ध्वनिमुद्रणाची तबकडी लावलीस, आणि ब्रेसलाऊ हा शब्द आला तरी सुई उचलली नाहीस, कारण साहेबांनी सांगितलं होतं की असं काही आलं तर प्रत्येक शब्द घ्यायचा. म्हणजे त्याचं आणि त्याच्या कोठडीतल्या सोबत्याचं हसणं कुठेतरी जपून ठेवलेलं आहे. मला ते ऐकायचं नाही, पण ते आहे हे मला कळायला हवं होतं. त्यावरून कुणाला फाशी झाली का, हेही तुला ठाऊक नाही म्हणतोस. तुमच्या कामाचा उपयोग मग कुणाला झाला?

तू लिहितोस, त्या गाडीत हजार माणसं होती, म्हाताऱ्या बायकाच शंभर असतील, त्या शिपायाने सांगितलेली ती म्हातारी आईच असं धरून चालू नये. मान्फ्रेड, तिथे किल्ल्याच्या दारात, पुढची माणसं कुठे नेतात ते दिसत असताना, पेटी काढून घेणाऱ्या शिपायाकडे पावती मागणारी दुसरी कोण असणार? ती आपल्याला ट्रॅममध्येसुद्धा तिकीट हातात धरून बसवायची. ती आईच होती. तू फेब्रुवारीत स्टूल मागितलंस तेव्हा तुलाही ते ठाऊक होतं, आता मला शंकेचा आधार द्यायला निघाला आहेस.

आणि तो दुसरा आधार. पावतीवाचून पेटी न सोडणारी बाई शिक्क्यावाचून देश सोडून निघालीच नसती, मग चादरी मागितलेल्या असोत की नसोत, असं तू शेवटी घातलं आहेस. मी ती ओळ तीनदा वाचली म्हणून पत्र तीनदा वाचलं. नको मला. चादरी मी मागितल्या होत्या. तू एकदा मला ते ऐकवलंस आणि आता परत घ्यायला आलास, तर मी देणार नाही. ते माझं आहे.

यंदाच्या स्मृतिदिनी मी तिकडे माडीवर येईन. दहा पुरुष जमल्याशिवाय ती प्रार्थना म्हणता येत नाही, आणि बाईने म्हटलेली तिथे चालत नाही, म्हणून मला तू लागतोस. मी मागच्या बाकावर बसेन. तू म्हण, मोठ्याने म्हण. नंतर माझ्याशी बोलायला येऊ नकोस, मी शेवटची गाडी पकडून परत जाईन.

तिला थंडी वाजत होती का, तुला सांगता आलं नाही. जवळ कोण होतं, तेही नाही. पण ती घाबरलेली नव्हती, एवढं मला कळलं. घाबरलेलं माणूस पावती मागत नाही. तो हसला, ते तू लिहिलंस. कोठडीतला दुसरा हसला, तेही लिहिलंस. त्याने तिला पावती दिली की नाही, ते लिहिलेलं नाही. तुझ्या शपथेचं व्हायचं ते होवो, तेवढं कळव.

इर्मा